निर्दोष नीलमाचा संशय

नोव्हेंबर २०१४ मध्ये जिनिव्हाला क्रिस्टीजच्या लिलावात ‘ब्लू बेल ऑफ एशिया’ हा सिलोनी नीलम सुमारे १ कोटी ७३ लाख डॉलरना विकला गेला. वजन ३९२.५२ कॅरेट, म्हणजे साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगला सदबीजच्या लिलावात २७.६८ कॅरेटच्या एका काश्मिरी नीलमाला सुमारे ६७ लाख डॉलर आले. आकडे कॅरेटवर आणले की खरी गंमत कळते. सिलोनी खड्याला कॅरेटमागे साधारण ४४ हजार डॉलर पडले, काश्मिरीला २ लाख ४२ हजार. रत्नांच्या बाजारात खडा जितका मोठा, तितका कॅरेटचा भाव चढा, असा सर्वसाधारण नियम. इथे चौदापट लहान खड्याने पाचपटीहून जास्त भाव खाल्ला.

दोन्ही खडे निळे, दोन्ही अव्वल. मग एवढा फरक कशाचा? काश्मिरी रंगाची मातब्बरी आहेच. पण दुसरं कारण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. खडा कुठल्या डोंगरातून आला आणि तो भट्टीत गेला होता का, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर नीलमाचा भाव ठरतो. आणि ही उत्तरं मिळतात ती खड्याच्या पोटातल्या खोटींमधून.

पाडरचा डोंगर

मचैल मातेच्या यात्रेमुळे जम्मूतल्या किश्तवाडचा पाडर भाग आज अनेकांना ऐकून माहीत असतो. मचैलच्याही वर सुमजाम नावाचं गाव आहे आणि गावाच्या वर सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर काश्मिरी नीलमाची खाण. १८८१ च्या सुमारास तिथे दरड कोसळली आणि निळे स्फटिक उघडे पडले. सुरुवातीला व्यापाऱ्यांनी ते मिठाच्या भारोभार बदलून नेले, असं सांगतात. सिमल्याच्या आणि दिल्लीच्या जवाहिऱ्यांनी दगड ओळखला तसे भाव कडाडले, आणि जम्मू-काश्मीरचे महाराजा रणबीरसिंह यांनी खाणीवर पहारे बसवले.

वर्षातले आठ-नऊ महिने तिथे बर्फ. काम चालायचं ते जुलै ते सप्टेंबर. १८८७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे टी. एच. डी. ला टूश पाहणीला पोचले, तोवर मूळ खाणीतला समृद्ध कप्पा जवळजवळ संपला होता. म्हणजे ज्या खड्यांसाठी आजही लिलावात चढाओढ लागते, त्यांतले बहुतेक अशा पाच-सहा तुटपुंज्या हंगामांत निघालेले आहेत. नंतर अनेकांनी तिथे कुदळी मारल्या. थोडाफार माल निघालाही, पण पहिल्या लुटीची बरोबरी पुन्हा झाली नाही.

तिथेच नीलम का झाला, हेही पाहण्यासारखं आहे. नीलम म्हणजे कुरुंद: ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन, बस्स. लोह आणि टायटॅनियम किंचित मिसळले तर निळा, क्रोमियम मिसळलं तर माणिक. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल. घटक इतके साधे असूनही तो दुर्मीळ आहे, कारण पृथ्वीच्या कवचात सिलिका जिथे-तिथे असते आणि ती सापडली की ॲल्युमिनियम तिच्याशी जोडी जमवून फेल्डस्पारसारखी साधी खनिजं बनवतं. पाडरला तप्त रस घुसला तो सिलिका कमी असलेल्या खडकांत. त्या खडकांनी रसातली सिलिका शोषून घेतली, ॲल्युमिनियम एकटं उरलं आणि त्याचा कुरुंद झाला.

काश्मिरी खड्याचा रंग मोरकंठी, पण त्याची ख्याती त्यावर पसरलेल्या मखमलीची. भिंगाखाली धरला तर आत कमालीच्या बारीक कणांचे पट्टे दिसतात. शिरलेला प्रकाश त्या कणांवर आपटून विखुरतो आणि निळाई खड्यात भरून राहते. कण जास्त झाले तर खडा गढूळ, अजिबात नसले तर नुसता पाणीदार. जगभर नावाजलेली ही मखमल शुद्ध रत्नशास्त्राच्या हिशेबात दोषच ठरते.

गरुडपुराणाची ताकीद

सिलोन, म्हणजे श्रीलंका, हे नीलमाचं जुनं माहेर. गरुडपुराणातल्या रत्नपरीक्षेच्या अध्यायांत इंद्रनीलाचा संबंध सिंहलद्वीपाशी जोडलेला आहे. शंभरपट दुधात टाकल्यावर सगळं दूध निळं दिसायला लावील, तो ‘महानील’, अशी कसोटीही तिथे दिली आहे. पण आजच्या रत्नपारख्याने थबकून वाचावी अशी ताकीद त्याच अध्यायात आहे: परीक्षेसाठी किंवा गुण वाढवण्यासाठी रत्न अग्नीत घालू नये. आचेचं प्रमाण चुकून ते बिघडलं, तर मालक, कारागीर आणि काम करवून घेणारा, तिघांचंही अनिष्ट होतं. मनाई केली आहे त्या अर्थी तेव्हाही कोणीतरी खडे तापवत असणारच.

श्रीलंकेत रत्नपुराच्या आसपास आजही भातखाचरांच्या कडेला लाकडी टेकू लावलेले खड्डे दिसतात. तळाशी ‘इल्लम’ हा रत्नगर्भ वाळूगोट्यांचा थर. तो उपसून वर आणायचा, वेताच्या टोपल्यांत घेऊन पाण्यात गोल फिरवायचा. हलकी माती वाहून जाते, जड खडे तळाशी बसतात. या खड्यांत ‘गेउडा’ नावाचा दुधट, धुरकट कुरुंद पुष्कळ निघायचा आणि त्याला कोणी विचारत नसे. १९७० च्या दशकात थायलंडच्या व्यापाऱ्यांनी तो कवडीमोलाने उचलायला सुरुवात केली. त्यांना भट्टीची किमया उमगली होती. गेउडाचा दुधटपणा रुटाइलच्या, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाच्या, सुयांमुळे असतो. खडा १६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवला की सुया विरघळतात, टायटॅनियम लोहाशी जुळतं आणि पांढुरका दगड निळा होऊन बाहेर येतो. श्रीलंकेला हे कळेपर्यंत टनावारी माल बँकॉकला गेलेला होता.

रंग खड्याच्या स्वतःच्या पोटातूनच येतो, म्हणून नुसतं तापवणं व्यापारात मान्य आहे, मात्र ते सांगायला हवं. २००१ च्या सुमारास भट्टीत बाहेरून बेरिलियम घुसवलेले खडे बाजारात आले, तेव्हा ही सीमाही ओलांडली गेली.

त्याच्या कितीतरी आधी पॅरिसमध्ये ऑग्युस्त व्हर्नय यांनी खाणीलाच रजा दिली होती. ॲल्युमिनाची पूड ज्वाळेतून थेंबाथेंबाने खाली पाडून त्यांनी १९०२ मध्ये कृत्रिम माणिक जाहीर केलं. नीलमाने मात्र दाद दिली नाही. निळ्या रंगासाठी कोबाल्ट घातलं तर ते जमेना. लोह आणि टायटॅनियमची जोडी वापरल्यावर १९१० च्या सुमारास जमलं. निसर्गाची कृती कळली ती अशी नक्कल करताना.

भिंगाखालचा जबाब

आता एकाच रंगाचे तीन खडे भिंगाखाली घ्या. पहिल्यात रेशमासारख्या सुया साठ अंशांच्या कोनांत एकमेकींना छेदताहेत आणि अखंड आहेत: हा आगीपासून लांब राहिलेला. दुसऱ्यात सुयांच्या जागी तुटक ठिपक्यांच्या रांगा आहेत: भट्टीने सुया वितळवल्या, त्यांचा हा माग. तिसरा आरशासारखा स्वच्छ, पण नीट पाहिलं तर वाढीच्या रेषा वक्र आणि मध्येच हवेचा गोल बुडबुडा. खाणीतल्या खड्यात वाढीच्या रेषा सरळ आणि कोनात वळलेल्या असतात. वक्र रेषा म्हणजे व्हर्नयची ज्वाळा. पुढचं काम प्रयोगशाळेतली यंत्रं करतात. गावाचा शोधही पोटातूनच लागतो: काश्मिरी खड्यात कधी टूर्मलिनचा कण सापडतो, तर थायलंड-ऑस्ट्रेलियाच्या ज्वालामुखी खडकांतला नीलम जास्त लोहामुळे काळपट असतो.

याच सुया भरपूर असल्या आणि खडा घुमटाकार घडवला, तर त्यावर सहा किरणांचा तारा उमटतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरेटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ असाच. नाव भारताचं, जन्म श्रीलंकेचा. १९६४ मध्ये तो चोरीला गेला आणि पुढच्या वर्षी परत मिळाला.

युरोपात नीलम म्हणजे निष्ठेचं रत्न. १८४० मध्ये प्रिन्स अल्बर्टने लग्नाच्या आदल्या दिवशी व्हिक्टोरियाला नीलमाचा ब्रूच दिला. डायनाची १२ कॅरेटची सिलोनी अंगठी १९८१ मध्ये गाजली आणि २०१० मध्ये केटच्या बोटात आली. आपल्याकडे तो शनीचा. नथीत मोती, माणिक, पाचू सुखाने नांदतात, नीलमाला मात्र आधी उशीखाली ठेवून ‘मानवतो का’ ते बघायचं. साडेसातीने गांजलेला माणूस सराफाच्या पेढीवर चिठ्ठी घेऊन येतो: पाच रत्तीचा, गडद निळा, निर्दोष, न तापवलेला, आणि बजेट पंधरा हजार.

या चिठ्ठीतली प्रत्येक अट एकेकटी पुरी करता येते. सगळ्या मिळून त्या पैशांत होत नाहीत. गडद आणि निर्दोष खडा स्वस्तात मिळत असेल तर तो भट्टीतून तरी आलाय, नाहीतर ज्वाळेतून. तापवलेला नीलम घेण्यात काही कमीपणा नाही. रंग टिकतो आणि परवडतो. फसवणूक होते ती न सांगण्यात. शनीची अवकृपा टळते की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागणं आणि पावतीवर ‘नैसर्गिक, तापवलेला’ असं सराफाच्या सहीनिशी लिहून घेणं मात्र गिऱ्हाइकाच्या हातात आहे.