चारशे टोल

वसईतल्या एका धर्मग्रामात मी नवखा सहायक होतो, तेव्हाची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढे कळेल. चर्चला चारशे वर्षं पुरी होणार होती. मुख्य धर्मगुरूंनी मंडप, जेवण, बँड ही कामं जाणत्यांकडे सोपवली आणि स्मरणिका माझ्या गळ्यात मारली.

जुन्या नोंदवह्या पोर्तुगीजमध्ये. आमचा भाग १९२८पर्यंत दमणच्या धर्मप्रांतात होता, मग तो मुंबईकडे आला. एका वृद्ध गोवेकर फादरांना शेजारी बसवून मी बाप्तिस्म्याची पानं लावत बसायचो. परेरा, लोपीस, डिमेलो, पुन्हा परेरा. ही आडनावं बाप्तिस्म्याबरोबर आलेली. दोन परेरा एकमेकांच्या नात्यातले असतीलच असं नाही. म्हणून गाव माणसाला ओळखतं ते घराच्या टोपणनावावरून, आणि ते कुठल्याच वहीत नसतं. ते विचारत मी केळीच्या वाड्यांतून सायकलवर हिंडलो. जिथे टेकावं तिथे एकच तक्रार: "आमची मोठी घंटा पेशव्यांनी नेली, फादर. तेवढं लिहाच."

तक्रार निराधार नव्हती. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकली. विजयाची खूण म्हणून इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या नि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा त्यातलीच. तिच्यावर १७२१ साल आहे. आपला आवाज गावभर ऐकवणाऱ्याला नाशिककर 'नारोशंकराची घंटा' म्हणतात, तेव्हा तिचा जन्म कुठला हे त्यांच्या ध्यानीमनी नसतं.

त्यातलीच आणखी एक घंटा मेणवलीला आहे, म्हणून मी एसटीने वाईला उतरलो आणि तिथे गेलो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट, आणि घाटावर ती घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियामाता. मी बराच वेळ तिच्याखाली उभा होतो. तिथे बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, कुठून आलात? वसईहून, म्हटलं. ते हसले. "मग वाजवा की. तुमचीच आहे." मी लोलक हळूच हलवला. खरं सांगायचं तर मला राग यायला हवा होता, निदान हुरहुर तरी. आलं ते हसू.

आमच्या गावची घंटा मात्र सापडली नाही. स्मरणिकेत मी तिच्याविषयी अर्धं पान लिहिलं. उरलेली पानं जाहिरातींनी खाल्ली. लाल लुगड्यातल्या एका आजींनी ते वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्ताची वाजते ना? मग झालं."

सणाच्या आधीचे नऊ दिवस नोव्हेना. घरोघरचे तांदूळ गोळा होत होते. शेजारच्या वाडीतल्या हिंदू मंडळींनी केळीची पानं आणून टाकली. आदल्या रात्री मंडपामागे चुली पेटल्या, इंद्यालाचा वास वेदीपर्यंत आला आणि सजावटीला बसलेली पोरं एकेक करून तिकडे सरकली. मिस्सा मराठीत येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती, तरी शेवटच्या बाकावरचे दोघे म्हातारे लॅटिन उत्तरंच पुटपुटत होते. बिशपांचं प्रवचन ऐन रंगात आलं आणि वीज गेली. कोणी हललं नाही. गायकवृंदातल्या बायकांनी माइकवाचून गायला सुरुवात केली. माझ्या मते त्या दिवसातलं सर्वांत सुंदर तेच.

तरुणांनी ठरवलं होतं, मिस्सानंतर चारशे टोल द्यायचे. दहा मुलं, प्रत्येकी चाळीस. चौथ्या मुलाच्या हाताला फोड आले, त्याने दोर मधेच दुसऱ्याकडे दिला, खाली बँड सुरू झाला आणि मोजणी फसली. जेवणाच्या पंगतीत एक म्हणाला तीनशे सत्त्याऐंशी, दुसरा म्हणाला चारशे बारा. दोघांनी आपापले साक्षीदार उभे केले. निकालासाठी सगळे माझ्याकडे वळले, कारण स्मरणिका आठवडाभर आधीच छापून आली होती आणि तिच्यात मी 'चारशे टोल देण्यात आले' असं लिहून मोकळा झालो होतो.

गावात तो वाद अजून मिटलेला नाही.