इंडिकेटर का रुसतो?

मोटारीला बोलता येते ते दोनच अवयवांनी. एक भोंगा, आणि दुसरा वळण दाखवणारा दिवा, ज्याला आपण सगळे इंडिकेटर म्हणतो. भोंग्याचा उपयोग आपल्याकडे हवा त्याहून जरा जास्तच होतो. इंडिकेटर मात्र गाडी जुनी झाली की सर्वांत आधी मुका होतो आणि सर्वांत शेवटी दुरुस्त होतो. कारण उघड आहे. तो बंद पडला म्हणून गाडी काही अडत नाही. आणि ज्यावाचून अडत नाही त्यावर पैसे कशाला घाला, असा आपला हिशेब असतो.

पण असे समजा, की तुम्ही संध्याकाळच्या वेळी जालन्याहून अंबडकडे निघाला आहात. उसाचे दिवस आहेत, रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग आहे. तुम्हाला उजव्या हाताला शेतरस्त्यावर वळायचे आहे. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, तेव्हा उजवे वळण घेणे म्हणजे समोरून येणाऱ्याची वाट कापणे आणि मागून पुढे जाऊ पाहणाऱ्याच्याही आडवे येणे. तुम्ही वेग कमी केला. मागच्या मोटारसायकलवाल्याला वाटले, हे आपल्याला वाट देताहेत. तो उजवीकडून निघाला, आणि नेमके त्याच क्षणी तुम्ही चाक फिरवले. तुमच्या समोरच्या फळीवरचा हिरवा दिवा मिचकावत होता, पण मागचा बल्ब पेटतच नव्हता. तुमच्या लेखी तुम्ही सांगितले होते, त्याच्या लेखी तुम्ही अवाक्षर काढले नव्हते. पुढे काय होते ते सांगायला नको.

आधीच या दिव्याची भाषा आपल्याकडे थोडी गढूळ झालेली आहे. महामार्गावरचा ट्रकवाला उजवा इंडिकेटर देतो तो पुष्कळदा ‘तू पुढे जा’ असे सांगायला. म्हणजे एकाच खुणेचे दोन अर्थ, आणि तेही एकमेकांच्या अगदी उलट! काही मंडळी चौकातून सरळ जायचे असले की चारही दिवे लावतात. डावीकडून येणाऱ्याला त्यांतले फक्त डावीकडचे दिवे दिसतात, आणि तो बिचारा समजतो की गाडी डावीकडे वळणार. तेव्हा निदान आपला दिवा तरी स्पष्ट बोलावा.

जुनी गाडी म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आहेत त्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर आणि १९८३ साली रस्त्यावर आलेली मारुती ८००. पद्मिनी या शतकाच्या आरंभीच बंद झाली. अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोघींचे उत्पादन २०१४ साली थांबले. तरी आपल्या जिल्ह्यात त्या अजून दिसतात. खाजगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. तिथेही हे दिवे पाहिले जातातच. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत यांची चालसुद्धा ठरवून दिलेली आहे. दिवा पिवळसर नारिंगी असावा, आणि मिनिटाला साठाहून कमी नाही व एकशेवीसाहून अधिक नाही इतक्या वेळा तो मिचकावा. घड्याळ समोर ठेवून मोजून बघा. दुरुस्तीची पहिली पायरी हीच आहे, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आता आत काय चालते ते पाहू. बॅटरीतून निघालेला विद्युत्प्रवाह फ्यूजमधून फ्लॅशर नावाच्या लहानशा डबीत येतो. तिथून स्टिअरिंगजवळच्या दांडीच्या स्विचमध्ये, तिथून डाव्या किंवा उजव्या बाजूच्या पुढच्या व मागच्या बल्बांत. बल्बातून तो परत बॅटरीकडे कसा जातो? तारेने नव्हे. बल्बाचे होल्डर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकलेले असते, आणि सांगाडाच परतीची वाट होतो. मिस्त्री याला ‘अर्थ’ म्हणतात. हा अर्थ लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा अनर्थ त्याच्यामुळेच होतो.

फ्लॅशरची डबी म्हणजे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातला एक धडाच आहे. पितळ आणि लोखंड सारखेच तापवले तर पितळ अधिक प्रसरण पावते. या दोहोंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून तापवल्या तर जोडपट्टी वाकते. जुन्या फ्लॅशरमध्ये याच तत्त्वाचा उपयोग केलेला असतो. प्रवाहाने पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, दिवा विझतो. पट्टी थंड होते, सरळ होते, दिवा पुन्हा पेटतो. आपण ऐकतो ती टिकटिक या हालचालीचीच. (अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत आत हालणारे काही उरलेलेच नाही, तिथे टिकटिक मुद्दाम वाजवलेली असते, कानाला सवय आहे म्हणून.)

पट्टी तापायला ठराविक प्रवाह लागतो. एका बाजूचे दोन बल्ब प्रत्येकी २१ वॅटचे, मिळून ४२ वॅट. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे प्रवाह साडेतीन अँपिअर. एक बल्ब गेला की प्रवाह निम्मा होतो. पट्टी पुरेशी तापत नाही आणि उरलेला दिवा बहुधा नुसताच पेटून राहतो, किंवा फार रेंगाळत मिचकावतो. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये उलटी योजना केलेली असते. एक बल्ब गेला की तो जवळजवळ दुप्पट वेगाने टिकटिकतो, म्हणजे चालकाला कळावे. तेव्हा एक बाजू बरोबर चालते आणि दुसरी रेंगाळते किंवा घाई करते, असे दिसले तर फ्लॅशरला हात लावू नका. तो ठीक आहे, म्हणून तर तुमच्याकडे तक्रार करतो आहे. दोष त्या दुसऱ्या बाजूच्या दिव्यांत शोधा.

इथेच लोकांचे पैसे वाया जातात. आमच्या नात्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या पद्मिनीला एका वर्षात तीन वेळा नवे बल्ब आणि एकदा नवा फ्लॅशर घातला. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. लक्षण मोठे चमत्कारिक होते. मागचा उजवा इंडिकेटर मंद पेटायचा, आणि त्याच्या तालावर शेजारचा पार्किंगचा दिवाही लुकलुकायचा. ब्रेक दाबला की दोन्ही गोंधळून जायचे.

हे लक्षण दिसले की समजावे, अर्थ गेला. होल्डर जिथे पत्र्याला टेकते तिथे गंज चढलेला असतो. पाटाचे पाणी चारी बुजली तर थांबत नाही, शेजारच्या वाफ्यातून वाट काढते, प्रवाहाचेही तसेच. इंडिकेटरच्या बल्बातून निघालेल्या प्रवाहाला सांगाड्यात उतरता आले नाही, तर तो त्याच होल्डरपट्टीवरच्या दुसऱ्या बल्बाच्या तारेतून उलटा शिरतो आणि भलतीकडून घरी पोचतो. दोन्ही दिवे अर्धपोटी राहतात. नवा बल्ब बसवताना होल्डर थोडे हलते, गंज जरा खरवडला जातो आणि चार दिवस काम चालते. श्रेय मात्र नव्या बल्बाला मिळते! मास्तरांच्या गाडीत एका स्क्रूखालची चकती गंजून तपकिरी भुकटी झाली होती. पॉलिश पेपर आणि नवी चकती, एवढ्यावर काम भागले.

आपल्या भागात हा रोग जास्त आढळतो असे मला वाटते. उन्हाळ्यात दिव्याच्या काचेमागची रबरी पट्टी वाळून तडकते. तिच्यातून फुफाटा आत जातो, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की त्याच फटीतून पाणी. धूळ ओल धरून ठेवते, पितळेवर हिरवट कळ चढते आणि पत्र्यावर गंज. म्हणून बल्ब बदलणार असाल तर काचेमागची पट्टीही पाहा. तडकली असेल तर बदला.

अर्थ तपासायची रीत सोपी आहे. हातभर लांब, किंवा गरजेप्रमाणे अधिक, एक तार घ्या. तिचे एक टोक बॅटरीच्या ज्या टोकाची जाड तार सांगाड्याला जोडलेली असते तिथे लावा. बहुतेक गाड्यांत हे ऋण टोक असते. काही फार जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत धन. इंडिकेटर चालू करून तारेचे दुसरे टोक होल्डरच्या बाहेरच्या धातूला टेकवा. दिवा एकदम लख्ख झाला तर निदान पक्के. मधल्या टिकलीला मात्र टेकवू नका, नाहीतर फ्यूज जाईल. मग बॅटरीची तार सोडा, होल्डर काढा, धातू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा आणि वरून व्हॅसलीनचा हलका हात द्या म्हणजे ओल लागणार नाही. बल्ब काढताना ओढायचा नसतो. आत दाबून डावीकडे फिरवला की सुटतो. बसवताना वॅट पाहून घ्या. ५ वॅटचा बल्ब तिथे बसला तरी प्रवाह पुरत नाही आणि फ्लॅशर फसतो.

दोन्ही बाजूंचे दिवे एकदम बंद असतील तर गोष्ट वेगळी. मग आधी फ्यूज बघा. काही जुन्या गाड्यांत चिनीमातीच्या कांडीवर धातूची पट्टी, अशा घडणीचे फ्यूज असतात. पट्टी शाबूत दिसते, पण तिची टोके काळवंडलेली असतात. नुसते फिरवून आणि पुसूनही काम होते. मात्र फ्यूज उडालाच असेल तर त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची जी चाल आहे, ती कृपा करून करू नका. फ्यूज वितळतो तो तार वितळू नये म्हणून. चांदी वितळणार नाही, तारेवरचे वेष्टण जळेल, आणि त्या तारा पेट्रोलच्या टाकीजवळून जात असतात. पुन्हा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घाला. तोही उडाला तर कुठेतरी तार सोलून पत्र्याला लागली आहे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा घरासमोर महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हमखास सापडतात.

फ्यूज ठीक असेल तर फ्लॅशर. त्याच्या डबीवर ‘बी’ आणि ‘एल’ अशी अक्षरे असतात. काहींवर ‘बी’ऐवजी ‘एक्स’. तिसरे ‘पी’ असेल तर ते आतल्या हिरव्या दिव्याचे. किल्ली फिरवून, दांडी एका बाजूला करून, ‘बी’ आणि ‘एल’च्या तारा क्षणभर एकमेकींना जोडा. दिवे स्थिर पेटले तर तारा, स्विच आणि बल्ब निर्दोष आहेत आणि फ्लॅशर गेला आहे. तो स्वस्त असतो, नवा आणा.

ज्या गाडीत चारही दिवे एकदम लावायचे बटण आहे, तिथे आणखी एक सोय होते. बटणाने चारही मिचकावतात, पण दांडीने काहीच होत नाही, असे असेल तर बल्ब आणि अर्थ दोन्ही बरे आहेत. दोष दांडीच्या स्विचमध्ये किंवा त्याच्याकडे येणाऱ्या प्रवाहात आहे. स्विच उघडायचे काम मात्र मी घरी करायला सांगणार नाही. आत बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या असतात, त्या उडाल्या की अंगणात शोधत बसावे लागते. ते काम गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे द्यावे, आणि ‘बाकी सगळे तपासले आहे, फक्त स्विच बघा’ असे त्याला सांगावे. बिलात फरक पडतो.

हल्ली जुन्या गाडीला एलईडीचे बल्ब बसवायची हौस वाढली आहे. त्यांना प्रवाह अगदी थोडा लागतो. तापणाऱ्या पट्टीचा फ्लॅशर त्यांवर मिचकावतच नाही, आणि बल्ब गेल्याची खबर देणारा फ्लॅशर ‘बल्ब गेला’ असे समजून धावत सुटतो. एलईडी हवेतच तर त्यांच्यासाठी केलेला फ्लॅशरही घ्यावा. शिवाय आपल्या उन्हात नारिंगी काच विटून पांढरट होते. तशा काचेमागे पांढरा बल्ब असेल तर दिवसा उजेडी तो पेटला की विझला ते मागच्याला कळत नाही. काच बदलावी.

काम झाल्यावर परीक्षा रात्री घ्या. गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, इंजिन चालू ठेवा, आधी डावा मग उजवा इंडिकेटर लावा. त्याचबरोबर पार्किंगचे दिवे लावा आणि ब्रेकही दाबा. भिंतीवर पडणारा उजेड आरशातून पाहा. तीनही दिवे आपापल्या जागी स्वतंत्र वागत असतील, आणि इंडिकेटर मिनिटाला साठ ते एकशेवीसच्या आत मिचकावत असेल, तर हत्यारे आवरून ठेवायला हरकत नाही.