तुरट चहावरचे उतारे

चहाचे झाड जगभर एकच, कॅमेलिया सायनेन्सिस. पान खुडल्यावर लगेच वाफवले किंवा कढईत परतले, की त्यातली विकरे निकामी होतात आणि चहा हिरवा राहतो. चुरडून हवेवर ठेवले, की ऑक्सिडीकरण होऊन तो काळा होतो. तुरटपणा मात्र दोन्हींत उरतोच. पानातली पॉलिफेनॉल द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. तुरट ही चव कमी आणि स्पर्शच जास्त. देशोदेशीच्या चहाच्या तऱ्हा या बऱ्याच अंशी त्यावर शोधलेले उतारे आहेत.

जपानने इलाज मळ्यातच केला. ग्योकुरो या चहाच्या झुडपांवर खुडणीआधी सुमारे तीन आठवडे सावली धरतात. मुळांत तयार होणारे थिआनिन हे अमिनो आम्ल पानात पोचते आणि उन्हात त्याचे तुरट कॅटेचिनांत रूपांतर होते. सावलीत हे काम मंदावते. पुढे हा चहा जेमतेम 50 ते 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात भिजवतात. तेवढ्या उबेत थिआनिन सहज उतरते, कॅटेचिने मात्र बरीचशी पानातच राहतात. ज्याने त्यावर उकळते पाणी ओतले, त्याने महागडी पत्ती वाया घालवली.

ब्रिटिशांनी दुधाचा उतारा निवडला. दुधातले केसीन हे प्रथिन पॉलिफेनॉलांना आधीच गाठते, त्यामुळे लाळेच्या वाट्याला ती कमी येतात. कपात आधी दूध की आधी चहा, यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. चवपारख्यांच्या चाचणीसाठी 1980 मध्ये निघालेले आयएसओ 3103 हे आंतरराष्ट्रीय मानक 100 मिलिलिटर पाण्याला 2 ग्रॅम पत्ती आणि 6 मिनिटे वेळ ठरवून देते, आणि दूध घालायचेच तर शक्यतो आधी, असे सुचवते. या मानकाच्या ब्रिटिश आवृत्तीला 1999 मध्ये विनोदी संशोधनाचे ‘इग नोबेल’ मिळाले, तेही साहित्याचे! जर्मनीच्या पूर्व फ्रिसियात चहा खडीसाखरेवर ओततात, कडेने साय सोडतात आणि ढवळत नाहीत. पहिला घोट सायीचा, मधला कडवट, शेवटचा गोड.

तिबेटातले ल्हासा सुमारे 3,650 मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून विटेसारखा दाबलेला चहा बराच वेळ उकळतात, मग लोणी आणि मीठ घालून घुसळतात. थंडी आणि उंचीला हे स्निग्ध पेय साजेसेच. काश्मिरी नून चहात मिठाबरोबर खाण्याचा सोडाही पडतो. सोड्याच्या अल्कलीत हिरव्या पानातली पॉलिफेनॉले भराभर ऑक्सिडीकृत होऊन काढा गडद लाल होतो, आणि दूध पडताच गुलाबी.

मोरोक्कोत चिनी हिरवा चहा भरपूर साखर आणि ताज्या पुदिन्याबरोबर देतात. पेल्यात तो उंचावरून ओततात, म्हणजे फेसही येतो आणि थोडा निवतोही. तुर्कस्तानात एकावर एक दोन किटल्या असतात. वरच्या किटलीतला कडक अर्क खालच्या किटलीतल्या गरम पाण्याने ज्याचा त्याने हवा तसा पातळ करायचा. दूध नाहीच. माणशी खपात हा देश जगात आघाडीवर आहे.

भारतातल्या उकळीच्या चहामागे यंत्र आहे. 1930 च्या सुमारास आसामात विल्यम मॅकर्चर यांनी पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारी सीटीसी पद्धत आणली. त्या बारीक दाण्यांतून रंग आणि कडकपणा झटकन उतरतो. नाजूक दार्जिलिंगला दूध सोसत नाही, सीटीसीला ते लागतेच. पुण्याच्या अमृततुल्यांत दूध, पाणी, साखर आणि पत्ती एकत्र खळखळा उकळतात, वेलची-आल्यासह. महाराष्ट्रात त्यात पडणारा गवती चहा मात्र चहाच्या कुळातला नाही, ते सुगंधी गवत आहे.

हीच पॉलिफेनॉले धान्य-भाज्यांतल्या लोहालाही धरून ठेवतात आणि शरीरात त्याचे शोषण घटते. चहा-चपातीची न्याहारी मराठी घरांत नित्याची आहे. रक्तात लोह कमी असलेल्यांनी खाणे आणि चहा यांत तासाभराचे तरी अंतर ठेवावे.