रानट्याची भाषा

कुणालाही रानटी माणसाचं सोंग घ्यायला सांगा. तो आधी छाती पुढे काढील, मग आवाज घोगरा करील आणि तिसऱ्या वाक्याला 'मी भूक, तू मांस दे' असं काहीतरी मोडकंतोडकं बोलू लागेल. माझ्या भाच्याच्या घरी गेली सहा वर्षं रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसतो. तिथे असे पुष्कळ रानटी मी जन्मताना आणि मरताना पाहिले. दोन वर्षांपासून मीच एक रानटी आहे. वय छप्पन्न, नाकावर चष्मा, गुडघे दुखरे आणि हातात दुधारी कुऱ्हाड!

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा हा खेळ १९७४ साली बाजारात आला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि अवघड प्रसंगी जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कुणी जादूगार होतो, कुणी चोर, कुणी पुरोहित. आणि कुणी 'बार्बेरियन'. हा गडी १९८५ साली 'अनअर्थ्ड आर्काना' या पुस्तकात आला आणि २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला मूळ नियमपुस्तकात जागा मिळाली. संताप हे त्याचं खास अस्त्र. पण २०१४ च्या नियमांत नवख्या रानट्याला असा संताप दोनदाच करता येतो; पुढचा हवा तर रात्रभर विश्रांती घ्यावी लागते. म्हणजे राग ही जपून खर्चायची पुंजी. घरोघरी हा नियम लागू झाला तर काय बहार येईल!

आता मूळ शब्दाकडे या. 'बार्बेरियन' हा शब्द ग्रीकांचा. परक्याची बोली कळेना, कानावर नुसतं 'बर् बर्' पडे, म्हणून तो 'बार्बारोस'. आपल्या संस्कृतातही 'बर्बर' आहे, आणि 'म्लेच्छ' या शब्दाचा रोखही मुळात अस्पष्ट बोलण्याकडेच. ऐकणाऱ्याला कळलं नाही आणि नावं मात्र बोलणाऱ्याला ठेवली! गावाकडची आजी जात्यावर बसली की ओवीमागून ओवी रचते. तीच तालुक्याच्या बँकेत इंग्रजी फॉर्मपुढे मुकी होते. तिला कुणी मठ्ठ म्हटलं तर आपल्याला चालेल का?

म्हणून माझी ग्रेना, हिमनदीकाठच्या टोळीतली, नगरात आली की कमी बोलते. पण वाक्य पुरं बोलते. तिच्या टोळीच्या म्हणी मी वहीत लिहून ठेवल्या आहेत. 'बर्फ पातळ असेल तर पाहुण्याला पुढे घालू नये' ही त्यातली एक. एकदा सूत्रधाराने पुलावर टोलवाला उभा केला. माणशी दोन चांदीची नाणी. बाकीचे थैल्या चाचपू लागले. ग्रेनाने विचारलं, "नदी तुम्ही खणली?" तो म्हणाला, "नाही, पूल आम्ही बांधला." "मग नाणी पुलाची. मी नदीतून जाते," असं म्हणून ती गारठलेल्या पाण्यात उतरली. फासा बरा पडला म्हणून वाचली. पण तिचं तर्कशास्त्र कुठे चुकलं सांगा!

या पात्राचा आजा म्हणजे रॉबर्ट हॉवर्ड या टेक्सासच्या लेखकाचा कोनन. १९३२ साली तो 'वीअर्ड टेल्स' मासिकात पहिल्यांदा आला. पुढे सिनेमाने त्याचे दंडच दाखवले. कथांतला कोनन मात्र अनेक भाषा जाणतो, सैन्य चालवतो, राजाही होतो. १९३३ च्या 'द टॉवर ऑफ द एलिफंट' या कथेत तो रत्न चोरायला शिरतो आणि तिथे छळून आंधळा केलेला एक जीव पाहून कळवळतो. रानट्याला दया येते, ती नगरवासी मांत्रिकाच्या क्रौर्याची!

इतिहासही मदतीला येतो. रोमन इतिहासकार टॅसिटस जर्मन टोळ्यांबद्दल लिहितो, की ते महत्त्वाच्या गोष्टींची चर्चा मेजवानीत पिऊन करत आणि निर्णय दुसऱ्या दिवशी शुद्धीवर घेत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर १८३१ साली सापडलेली बाराव्या शतकातली बुद्धिबळाची मोहरी पाहा. त्यांतले काही हत्ती म्हणजे ढाल दातांनी चावणारे योद्धे आहेत, नॉर्स कथांतल्या 'बर्सर्कर' वीरांसारखे. म्हणजे पटावरचा हा संतापी गडी आठशे वर्षांहून जुना आहे.

आमच्या डावात नववीतला एक मुलगा येतो. बोलताना अडखळतो. "तू रानटी घे, तुला फार बोलावं लागणार नाही," असं मुलांनी त्याला प्रेमानेच सुचवलं होतं. मग भाच्याने एक नियम केला : रानटी बोलत असताना त्याचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही. एका रविवारी शेकोटीचा प्रसंग आला. मेलेल्या सोबत्यासाठी कुणी चार शब्द बोलावेत असं सूत्रधार म्हणाला. जादूगार, पुरोहित गप्प. मुलाने तोंड उघडलं. एकेका शब्दाला वेळ लागत होता. त्याच्या टोळीत मेलेल्याचं नाव नऊदा घेतात, असं त्याने सांगितलं आणि नऊदा घेतलं. कुणी घड्याळ पाहिलं नाही. कुणी फासा हलवला नाही.

शाळेत तो अजूनही अडखळतो. खेळाने तोतरेपण जातं असा दावा मी करणार नाही. पण त्या दिवसापासून शाळेच्या गोष्टी सांगतानाही आमच्यातलं कुणी त्याचं वाक्य पुरं करत नाही.

तेव्हा तुमच्या घरी मुलं असा डाव मांडून बसली आणि एखाद्याच्या वाट्याला रानटी आला, तर कुऱ्हाड केवढी हे नंतर ठरवू द्या. आधी विचारा, त्याच्या घरी गोष्टी कोण सांगतं? दिलेला शब्द मोडला तर काय होतं? तो कुणापुढे मान झुकवतो? तिन्हींची उत्तरं तयार असली, की आवाज घोगरा काढायची गरज उरत नाही.