कोंबडीचा फ्लू गाईला लागला कसा?

मार्च २०२४ ची गोष्ट. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात दुभत्या गाई चारा खाईनाशा झाल्या. दूध आटले, निघे तेही चिकासारखे दाट. ते कच्चे दूध प्यालेली गोठ्यातली मांजरे मेली. तपासणीत निघाला बर्ड फ्लू, एच५एन१. गाईगुरांत तो असा पसरेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आता प्रत्येक गोठ्यात तो पक्ष्यांकडून आला, की गाईकडून गाईला लागला? नुसता ‘पॉझिटिव्ह’ अहवाल हे सांगत नाही. त्यासाठी विषाणूचा जीनोम वाचावा लागतो. फ्लूच्या विषाणूची सारी माहिती आठ तुकड्यांत असते, मिळून साधारण साडेतेरा हजार अक्षरे. स्वतःची नक्कल काढताना विषाणू चुकतो आणि ती चूक पुढच्या पिढीत उतरते. एकाच्या वहीतली चूक, ती वही उतरवून घेणाऱ्या सगळ्यांच्या वहीत यावी तशी. या चुका जुळवल्या की कोण कुणाकडून आला ते कळते.

निरनिराळ्या राज्यांतल्या गाईंचे २०२४ मधले नमुने असे वाचले, तेव्हा सगळ्यांत एकाच मुळाच्या खुणा निघाल्या. रानपक्ष्यांकडून तो २०२३ च्या अखेरीस एकदाच आला होता. पुढे गाईंच्या ने-आणीबरोबर पसरत गेला, आणि काही महिने कुणाला पत्ताच नव्हता!

टेक्सासमध्ये पहिला बाधित माणूस म्हणजे गोठ्यात राबणारा मजूर. त्याचे डोळे लाल झाले, एवढेच. पण त्याच्या विषाणूत एक बदल सापडला. सस्तन प्राण्यांच्या शरीरात वाढायला मदत करणारा. असे बदल वेळीच दिसावेत म्हणून तर ही अक्षरे वाचायची.

आपल्याकडे २००६ साली नवापूरच्या पोल्ट्रीत हाच रोग आला होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. निदान भोपाळच्या प्रयोगशाळेत झाले.

दूध उकळून, चिकन-अंडी नीट शिजवून खाल्ली तर भीती नाही. काळजी घ्यायची ती कोंबड्या पाळणाऱ्या भगिनींनी आणि चिकनच्या दुकानात कापायचे काम करणाऱ्या पोरांनी. कोंबड्या एकाएकी मेल्या तर उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नंतर ताप आला, डोळे लाल झाले, तर ‘मी कोंबड्यांत काम करतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. नाहीतर ते तापाच्या गोळ्या लिहून देतील, आणि घशाचा नमुना घेण्याचे कुणाच्या मनातही येणार नाही.