दोन आण्यांचा रस्ता

पुण्याच्या विद्यापीठात बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या नावाचे ग्रंथालय आहे. ते त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण पेट्रोल पंपावर आपण जे पैसे मोजतो, त्यांच्याशीही या विद्वान गृहस्थांचा संबंध आहे, असे सांगितले तर किती जणांना खरे वाटेल?

गोष्ट १९२७ सालची. तोवर सरकारचे सारे लक्ष आगगाडीकडे होते. रस्ते म्हणजे स्टेशनापर्यंत पोचण्याची वाट, एवढीच त्यांची किंमत. परंतु पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि खडी-मुरमाच्या त्या रस्त्यांची दैना उडाली. बैलगाडीची लोखंडी धाव वरून खडी भरडी, आणि मोटारीचे रबरी चाक तिची धूळ उडवून नेई! दुरुस्ती करायची कोणी? १९१९ च्या सुधारणांनंतर रस्ते आले प्रांतांकडे आणि लोकल बोर्डांकडे. त्यांच्या तिजोऱ्यांत खडखडाट. तेव्हा हिंदुस्थान सरकारने जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली.

समितीचा तोडगा साधा होता. रस्ता जो वापरतो, त्याने त्याचा खर्च उचलावा. मोटार जितकी धावेल तितके पेट्रोल जळेल; म्हणून कर पेट्रोलवरच बसवावा. १९२९ साली दर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसला आणि त्यातून ‘केंद्रीय रस्ते निधी’ उभा राहिला. गॅलन म्हणजे सुमारे साडेचार लिटर. तेव्हा आजच्या हिशेबाने लिटरला तीन पैसेसुद्धा नव्हेत!

पण खरी मेख दोन आण्यांत नव्हती. हा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळू द्यायचा नाही, आणि ३१ मार्चला शिल्लक राहिला तरी तो बुडायचा नाही, ही त्यातली खरी अट. आपल्या घरातली गृहिणी काय वेगळे करते? पगार हाती आला की दुधाचे, वाण्याचे, मुलांच्या फीचे पैसे ती वेगवेगळ्या डब्यांत घालते. फीच्या डब्याला कोणी हात लावीत नाही, म्हणूनच मुले शाळेत जातात. जयकर समितीने देशाच्या संसारात असाच एक डबा ठेवला.

पुढे १९९८ साली पेट्रोलवर आणि १९९९ साली डिझेलवर लिटरमागे एक रुपया रस्त्यांसाठी उपकर लागला, आणि २००० साली संसदेने या निधीचा स्वतंत्र कायदा केला. डिझेलच्या उपकरातला निम्मा वाटा खेड्यांच्या रस्त्यांना, उरलेल्यातला मोठा भाग राष्ट्रीय महामार्गांना, काही राज्यांच्या रस्त्यांना, काही रेल्वेवरच्या पुलांना अशी वाटणी ठरली. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, आणि आडगावापर्यंत गेलेली ग्रामसडक यांमागे हाच रुपया आहे. ज्या गावात पावसाळ्याचे चार महिने बाळंतिणीला डोलीतून न्यावे लागे, तिथे आता गाडी जात असेल, तर त्या रुपयाबद्दल कुरकुर कोण करील?

मग कुरकुर होते ती कशाची?

पहिली तक्रार अशी, की आपण एकाच रस्त्याचे पैसे तीनदा देतो. गाडी घेताना वाहनकर, तेल भरताना उपकर आणि महामार्गावर टोल. दुसरी तक्रार महागाईची. डिझेल चढले की भाजीची गाडी महागते, एसटीचे गणित बिघडते. म्हणजे ज्याच्या दारी सायकलसुद्धा नाही, तोही हा कर भरतोच. आणि रस्ता मोडतो तो कोण? १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत असे आढळले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी सुमारे सोळा पट होते. स्कूटरवाला रस्ता मोडीत नाही. मोडतो तो क्षमतेबाहेर लादलेला ट्रक. लिटरचा हिशेब हा भेद नीटसा पकडीत नाही.

परंतु सर्वांत गंभीर तक्रार डब्याच्या झाकणाची आहे. २००० च्या कायद्यात हा उपकर आधी देशाच्या एकत्रित निधीत जमा होतो, आणि संसदेने मंजुरी दिली तरच तो रस्त्यांच्या डब्यात पडतो. २०१८ साली तर डब्याचे नावच बदलून ‘केंद्रीय रस्ते आणि पायाभूत सुविधा निधी’ झाले. वीज, पाणीपुरवठा, रुग्णालये हीही कामे त्यात आली. त्याच वर्षी हा उपकर लिटरला आठ रुपयांवर गेला. कामे वाईट नाहीत. पण फीच्या डब्यातून दिवाळीचा किराणा भरू लागलो, तर तो फीचा डबा कसला?

पुढची अडचण तर दाराशीच उभी आहे. विजेवर चालणारी मोटार पेट्रोलचा थेंब जाळीत नाही, पण रस्ता वापरतेच. तेलाचा कर आटला की डबा कशाने भरायचा? रस्त्यांसाठी तेलावर कर बसवणारे अमेरिकेतले पहिले राज्य ऑरेगन; १९१९ साली गॅलनला एक सेंट. त्याच राज्याने २०१५ पासून, स्वेच्छेने येणाऱ्यांसाठी का होईना, मैलामागे आकार घेऊन पाहिला आहे. आज ना उद्या आपल्यालाही असा काही विचार करावा लागेल.

कर वाढवू नये, असे म्हणणे सोपे आहे. पण खड्ड्यांचाही एक कर असतोच. फाटलेल्या टायरांत, मोडलेल्या स्प्रिंगांत, जास्त जळलेल्या तेलात आणि वेळेवर न पोचलेल्या रुग्णाच्या जिवात आपण तो भरतो, आणि त्याची पावतीही मिळत नाही. तेव्हा खरा प्रश्न रुपया द्यावा की नाही, हा नाही. दिलेला रुपया रस्त्यावर दिसतो की नाही, हा आहे. घरातली गृहिणी महिनाअखेर डब्याचा हिशेब मागते. तोच हिशेब आपण नागरिक म्हणून आपल्या खासदाराला दरवर्षी मागू लागलो, तर रस्त्यासाठी दोन रुपये जास्त द्यायलाही कोणाची ना राहणार नाही.