बावखल बुजले की विहीर खारी होते

उत्पत्तीच्या पुस्तकातील २६ व्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. अब्राहामाच्या काळात खणलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणून मोकळ्या केल्या आणि आपल्या पित्याने दिलेली नावेच त्यांना पुन्हा दिली. वसईच्या किनारपट्टीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही कथा वाचताना अस्वस्थ वाटले पाहिजे. आपल्या वाडवडिलांनी खोदलेली बावखले बुजवायला बाहेरून कोणी पलिष्टी आले नाहीत. पुष्कळदा ते काम आपल्याच हातून झाले आहे.

बावखल म्हणजे काय?

आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरीज या परिसरातील जुन्या पिढीला हे सांगण्याची गरज नाही. परंतु इमारतींत वाढलेल्या मुलांना हा शब्दही अपरिचित होऊ लागला आहे. बावखल म्हणजे वाडीत किंवा वाडीच्या कडेला खोदलेले गोड्या पाण्याचे उथळ तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते आणि पुढे त्यातील पाणी वाडीला दिले जाते. पूर्वी रहाटाने पाणी काढीत, नंतर पंप आले. वसईची केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले या पाण्यावर पोसली गेली. समुद्र हाकेच्या अंतरावर असतानाही आपल्या विहिरींचे पाणी गोड राहिले, यात या तळ्यांचा वाटा मोठा आहे.

जमिनीखालचा समतोल

किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली दोन प्रकारचे पाणी असते. समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरलेले असते. पावसाचे गोडे पाणी तुलनेने हलके असल्यामुळे ते त्याच्यावर तरंगत राहते. शास्त्रज्ञांनी या समतोलाचे साधे गणित मांडले आहे. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपासून १ मीटर वर असेल, तर तिच्याखाली गोड्या पाण्याचा थर स्थूलमानाने ४० मीटर खोलवर टिकू शकतो. याचा दुसरा अर्थ गंभीर आहे. वरची पातळी थोडीशी जरी कायमची खाली गेली, तरी खालचे खारे पाणी कितीतरी अधिक वर सरकते. एकदा खारी झालेली विहीर एका पावसाने गोडी होत नाही. त्यासाठी अनेक वर्षे लागू शकतात.

वसईत वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. मात्र तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत पडतो. हे पाणी थांबवून जमिनीत मुरवले नाही, तर ते गटारांतून समुद्राला मिळते. थांबवण्याचे काम बावखल करते. १० गुंठ्यांचे, सरासरी २ मीटर खोलीचे बावखल एकदा भरले, की त्यात सुमारे २० लाख लिटर पाणी साठते. १०,००० लिटरच्या टँकरच्या हिशेबाने हे २०० टँकर झाले. शिवाय पावसाळाभर पाणी मुरत राहते आणि बावखल पुन्हा पुन्हा भरत राहते.

असे बावखल भरणी टाकून बुजवले, तर दोन्हीकडून तोटा होतो. पावसाळ्यात ते पाणी रस्त्यावर व घरांत शिरते. उन्हाळ्यात शेजारच्या विहिरीची पातळी उतरते. जुलै २०१८ मध्ये वसई अनेक दिवस पाण्याखाली होती, हे आपण विसरलेलो नाही. त्या पुराची कारणे अनेक होती. पाण्याच्या जागा पाण्याला न उरणे हे त्यांपैकी एक होते.

मालकी माझी, पाणी सर्वांचे

येथे एक खरी अडचण आहे आणि ती नाकारून चालणार नाही. बहुतेक बावखले खासगी मालकीची आहेत. जमिनीची वाटणी होते, भावंडांचे हिस्से पडतात, मुलांना घर बांधायचे असते, आणि पाण्याखालची जागा ‘पडीक’ वाटू लागते. घरी सूर्या धरणाचे पाणी नळाने येत असेल, तर बावखलाची आठवणही राहत नाही. माझ्या जागेत मी भरणी केली तर इतरांचे काय बिघडले, असे एखाद्या कुटुंबाला वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु भूजल सातबाऱ्याच्या सीमा ओळखत नाही. माझे बावखल बुजले, की माझ्या शेजाऱ्याची विहीर खारी होऊ शकते. त्याच्या केळीची पाने कडेने करपू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी खटल्यात गावातील तळी ही समाजाची संपत्ती असल्याचे सांगून त्यांच्या रक्षणावर भर दिला. तो निर्णय सार्वजनिक तळ्याविषयी होता. खासगी बावखलाच्या बाबतीत प्रश्न प्रथम आपल्या सद्सद्विवेकबुद्धीचा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. खासगी मालकीचा हक्क ती मान्य करते. मात्र परमेश्वराने निर्मिलेली साधने सर्वांसाठी आहेत, म्हणून प्रत्येक मालमत्तेवर समाजाचे ऋण आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या आपल्या परिपत्रकात प्रतिपादन केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे ठामपणे सांगितले. एदेन बागेची मशागत व राखण या दोन्ही गोष्टी मानवाला एकाच वेळी सोपवल्या गेल्या. त्यांपैकी केवळ पहिली निवडण्याची मुभा आपल्याला नाही.

आपल्या धर्मप्रांताला हा विषय नवा नाही. टँकरने होणाऱ्या बेसुमार उपशाविरुद्ध आणि वसईच्या हिरवाईसाठी हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, आणि त्याचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केले. २५ जुलै २०२४ रोजी ते प्रभूघरी गेले. त्यांच्याविषयी आदर व्यक्त करणे सोपे आहे. आपल्या वाडीतील बावखल राखणे अधिक कठीण आणि अधिक खरे आहे.

धर्मग्राम काय करू शकतो?

प्रथम, आपल्या गावातील बावखलांची नोंद करावी. कोणते जिवंत आहे, कोणते अर्धे बुजले आहे, त्याला जुने लोक काय नाव देतात, हे युवक-युवतींनी ज्येष्ठांना विचारून लिहून काढावे. इसहाकानेही जुनी नावे जपली होती.

दुसरे, उन्हाळ्यात पाणी तळाशी गेल्यावर गाळ काढावा. गाळ साचला की पाणी मुरत नाही. तोच गाळ वाडीत उत्तम खत होतो. मात्र तळाला सिमेंट किंवा प्लास्टिक घालू नये आणि समुद्राजवळ अवाजवी खोल खणू नये. तसे केल्यास खालचे खारे पाणी वर येण्याची भीती असते. डासांचा त्रास असल्यास जलपर्णी काढून गप्पी मासे सोडावेत. डास होतात म्हणून बावखल बुजवणे हा उपाय नव्हे. सांडपाणी आणि निर्माल्य त्यात जाऊ देऊ नये.

तिसरे, प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील दोन-तीन विहिरींच्या पाण्याची तपासणी मे महिन्यात व पावसाळ्यानंतर करून घ्यावी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. आकडा दरवर्षी वाढत असेल, तर समुद्र जवळ येत आहे असे समजावे.

चौथे, ज्या कुटुंबाने आपले बावखल राखले आहे, त्याला एकटे सोडू नये. लाभ सर्व पाड्याला होतो, तर गाळ काढण्याचा खर्च व श्रमही पाड्याने वाटून घ्यावेत. घरबांधणीचा प्रश्न असेल, तर बावखल वाचवून बांधकाम कसे करता येईल याचा विचार कुटुंबाने भरणीचा पहिला डंपर येण्यापूर्वी करावा.

दरवर्षी १ सप्टेंबरपासून ४ ऑक्टोबरपर्यंत ख्रिस्तसभा सृष्टीसाठी विशेष प्रार्थना करते. तोपर्यंत आपली बावखले भरलेली असतात. या काळात एखाद्या रविवारी मिस्सानंतर धर्मग्रामस्थांनी बावखलाच्या काठी जमून प्रार्थना करावी आणि पुढील उन्हाळ्यातील श्रमदानाचा दिवस तेथेच निश्चित करावा. पाऊस देणे परमेश्वराच्या हाती आहे. त्याला उतरायला जागा ठेवणे आपल्या हाती आहे.